बाबांची उचंत

विषय: बाबा गेले

मंडळी, नमस्कार.

गेल्या दोन आठवड्यांत तुम्हा सगळ्यांचे फोन आले, मेसेज आले. एकेकाला उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे लिहिते. बाबांचं तेरावं काल झालं, लालबागच्या चाळीत, त्याच दोन खोल्यांत. आई सावरते आहे.

बाबा छत्तीस वर्षं फोर्टातल्या एका पेढीत अकाउंटंट होते. शाळेत पावकी-निमकी घोकलेली. १९५७ साली नवे पैसे आले, पण त्यांच्या तोंडी बारा आणे, सहा आणे शेवटपर्यंत राहिले. उभी बेरीज ते एका दमात खालून वर करायचे, मग वरून खाली. दोन्ही जुळल्याशिवाय आकडा लिहायचे नाहीत. मार्चमध्ये घरी यायला रात्रीचे दहा-अकरा वाजायचे, आम्ही झोपलेले असायचो. पण सकाळी दप्तर उघडलं की सगळ्या पेन्सिलींना टोक काढलेलं असायचं. अख्खा मार्च आम्ही बाबांना असंच भेटायचो.

परवा कपाट आवरताना घरखर्चाच्या वह्या निघाल्या. लाल कापडी बांधणीच्या, वर्षाला एक. दूध, रेशन, आजीची औषधं, माझी कंपासपेटी, सगळं तारीखवार. १९८२ च्या वहीत मात्र पानोपानी एकच शब्द दिसला. उचंत १५. उचंत ४०. उचंत २५.

ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. पैसे गेलेत, पण कुणाच्या खाती टाकायचे ते ठरलेलं नाही, अशी रक्कम उचंतीत ठेवतात. ऑफिसात बाबांना उचंत खातं उघडं राहिलेलं खपायचं नाही.

त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या मजल्यावरच्या नऊ बिऱ्हाडांपैकी सहा गिरणीतली. मी आईला विचारलं, नावं का नाही लिहिली? ती म्हणाली, "नावं त्यांना पाठ होती गं. पण तुम्ही पोरं वही वाचायचात. खेळताना भांडण झालं आणि तोंडातून काही निघालं असतं म्हणजे?"

रविवारी निघते. भेटूच.

---

उत्तर: बाबा गेले

ताई, काय लिहू? तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा काका दर शनिवारी मंडळात यायचे. त्या वर्षी माझा गणेशोत्सवाचा हिशेब जुळेना. फरक २७ डॉलरचा. मी म्हटलं, जाऊ दे, खिशातून भरतो. काका म्हणाले, "भरू नका. पैसे भरतील, चूक तशीच राहील."

मग विचारलं, फरकाला नवाने भाग जातो का? जात होता. म्हणजे कुठेतरी आकड्यांची उलटापालट झालीय, म्हणाले, तेवढंच शोधा. दहा मिनिटांत सापडलं. फुलांचं बिल ८५ चं, मी लिहिलं होतं ५८. मला एका शब्दानं बोलले नाहीत. कोऱ्या कागदावर ६३ आणि ३६, ९१ आणि १९ अशा जोड्या मांडून माझ्या मुलीला वजाबाक्या करायला बसवलं. दर वेळी नवाचा पाढा आला की ती टाळ्या पिटायची, आणि तिच्याहून जास्त खूश काका. तो कागद अजून आमच्या फ्रीजवर आहे.

एक विचारू? ती उचंत पुढे मिटली का? खजिनदार आहे, राहवत नाही.

---

उत्तर: उत्तर: बाबा गेले

दादा, काल रात्री भाऊ आणि मी पुढच्या सगळ्या वह्या काढून बसलो. अधूनमधून "उचंत जमा १०", "उचंत जमा ५" असं दिसतं, बहुतेक दिवाळीच्या सुमारास. बाकी रक्कम दरवर्षी पुढे ओढली आहे. १९८८ च्या मार्चअखेरीला शेवटची नोंद: "उचंत बाकी रु. १,१४०, घरखर्च खाती वर्ग." खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.

आई म्हणते, त्याच महिन्यात समोरच्या खोलीतलं बिऱ्हाड मुंबई सोडून कायमचं गावी गेलं. एसटी पहाटेची होती. बाबा त्यांची ट्रंक घेऊन परळ डेपोपर्यंत गेले आणि तिथूनच ऑफिसला.