एनटीपीसीचा परदेशातील आणि सौरऊर्जेतील विस्तार : जोखीम नेमकी कुठे आहे?

गोदाकाठ_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या एनटीपीसी ग्रीन एनर्जी या उपकंपनीची दहा हजार कोटींची भागविक्री झाली, तेव्हा १०८ रुपयांच्या दराने मला थोडे शेअर लागले आणि तेव्हापासून या समूहाच्या बातम्या मी जरा बारकाईने वाचू लागलो आहे. एकीकडे बांगलादेश, श्रीलंका आणि आफ्रिकेतील देशांची नावे येतात, दुसरीकडे २०३२ पर्यंत ६० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) अपारंपरिक ऊर्जेचे उद्दिष्ट सांगितले जाते. आणि आपल्याकडे सिन्नरला गुळवंच-मुसळगाव परिसरात १३५० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प बांधून वर्षानुवर्षे पडून राहिलेला आपण सगळे पाहत आलो आहोत.

सरकारी मालकीच्या कंपनीने देशाबाहेर जाण्याचे कारण काय, तिकडे काही अडकले तर भुर्दंड कोणावर पडतो आणि सौरऊर्जेचे हे आकडे कितपत धरून चालावेत, हे जाणकारांनी सांगावे. शेअर विकू की ठेवू, असे मी विचारत नाही.

एकलहरे_कॉलनी

औष्णिक केंद्राच्या संचालन विभागात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे शेअर बाजारापेक्षा बॉयलरच्या बाजूने लिहितो.

परदेशातील कामे तीन तऱ्हेची आहेत आणि त्यांची जोखीम सारखी नाही. माली (५०० मेगावॅट) आणि टोगो (२८५ मेगावॅट) येथील सौर प्रकल्पांची कामे आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या माध्यमातून मिळालेली प्रकल्प-सल्लागाराची कामे आहेत. त्यांत मोबदला मिळतो, भांडवल अडकत नाही. दुसरी तऱ्हा वीज व्यापाराची. समूहातील एनटीपीसी विद्युत व्यापार निगम ही कंपनी शेजारी देशांशी होणारे वीज व्यवहार पाहते. २०१३ पासून बहरामपूर-भेरामारा जोडणीतून बांगलादेशला वीज जाते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय ग्रिडमधून बांगलादेशात पोहोचली, तीही याच कंपनीच्या मध्यस्थीने.

खरा जीव अडकतो तो तिसऱ्या तऱ्हेत, म्हणजे स्वतःचे भागभांडवल घालून उभारलेल्या प्रकल्पात. बांगलादेशातील रामपालचा मैत्री प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच, एनटीपीसी आणि तेथील वीज विकास मंडळ यांची निम्मी-निम्मी भागीदारी, आणि भारताच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेचे १६० कोटी डॉलरचे कर्ज. पहिला संच डिसेंबर २०२२ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये कोळसा संपल्याने बंद ठेवावा लागला, कारण त्या देशाकडे आयातीसाठी डॉलर कमी पडत होते. यंत्रात दोष नव्हता. थंड पडलेला संच पुन्हा लाइटअप करायचा, म्हणजे पेटवायचा, तर आधी तेल जाळून बॉयलर तापवावा लागतो आणि दाब-तापमान पायरीपायरीने वाढवत न्यावे लागते; एवढे करून पुन्हा कोळसा नाही म्हणून तोच संच विझवण्याची पाळी येते, तेव्हा शिफ्टमधल्या माणसांची काय अवस्था होते, ते मी पाहिलेले आहे.

श्रीलंकेत त्रिंकोमालीजवळ सांपूरला आधी कोळशाचाच प्रकल्प ठरला होता. तो २०१६ मध्ये बारगळला आणि आता त्याच ठिकाणी १२० मेगावॅटचा सौर प्रकल्प होत आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या कामाचा प्रारंभ झाला. कोळशासाठी डॉलर लागतात, उन्हासाठी लागत नाहीत, हे शेजाऱ्यांनाही कळले आहे. (नेपाळचा अरुण-३ हा ९०० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प पुष्कळ लोक एनटीपीसीच्या नावावर टाकतात, तो एसजेव्हीएन या दुसऱ्या सरकारी जलविद्युत कंपनीचा आहे.)

तरीही समूहाच्या ८० गिगावॅटहून अधिक स्थापित क्षमतेपुढे परदेशातील हिस्सा किरकोळ आहे, त्यामुळे माझ्या मते काळजी करायची तर ती देशात कोळशाकडून सौरऊर्जेकडे होणाऱ्या बदलाची करावी. औष्णिक केंद्रांचे दर केंद्रीय वीज नियामक आयोग खर्चाच्या आधारे ठरवून देतो आणि त्यात भागभांडवलावर १५.५ टक्के परतावा धरलेला असतो. सौरऊर्जेत तसले छत्र नाही. तेथे खासगी कंपन्यांच्या बरोबरीने निविदेत उतरायचे, पैशापैशाने दर खाली आणायचा आणि त्याच दरावर २५ वर्षे वीज द्यायची. शिवाय मेगावॅटला मेगावॅट मोजून चालत नाही. कोळशाचा संच सत्तर-पंचाहत्तर टक्के भाराने चालतो, सौर प्रकल्पाकडून वर्षभराच्या हिशेबाने वीस-पंचवीस टक्केच मिळतात. ६० गिगावॅट सगळेच सौर धरले, तर सरासरीने पंधरा गिगावॅटही हाती येणार नाही.

सिन्नरचे म्हणाल, तर तिथे २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले, पण वीज घेणारा पक्का ग्राहक नव्हता आणि कोळशाचा रेल्वेमार्ग रखडला. पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत एनटीपीसी आणि महानिर्मिती यांनी मिळून त्यासाठी बोली लावली. वीज खरेदी करार नसलेले मेगावॅट म्हणजे उभे लोखंड, मग ते गुळवंचला असो की कच्छच्या रणात.

अंबड_फॅब्रिकेटर

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु परदेशातील हिस्सा किरकोळ आहे, हे मला मान्य नाही. रामपालचे भागभांडवल एनटीपीसीच्या ताळेबंदात लहान दिसते, कारण मोठा भार एक्झिम बँकेच्या कर्जात आहे. ती बँकही सरकारचीच. एका खिशातले दुसऱ्या खिशात दाखवून जोखीम कमी होत नाही. याची दुसरी बाजूही सांगतो. त्या प्रकल्पाची उभारणी भेल या आपल्या सरकारी यंत्रनिर्मिती कंपनीने केली, त्यामुळे काम देशी कारखान्यांकडे आले. आमच्यासारखे लहान कारखाने पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग पुरवतात, त्यांना अशा निर्यातीचे मोल कळते. मात्र सुंदरबनच्या इतक्या जवळ कोळशाचा प्रकल्प नेणे मला तेव्हाही पटले नव्हते. २०१६ मध्ये युनेस्कोच्या पथकाने तो दुसरीकडे हलवण्याची शिफारस केली होती.

निफाडची_बाग

आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने येते आणि रात्रीची पाळी आली की बॅटरी हातात धरून बागेतले व्हॉल्व्ह फिरवावे लागतात. कच्छमध्ये हजारो मेगावॅट सौर वीज तयार होते, तर तिचा थेंबभर तरी दिवसा आमच्या फीडरवर (शेतीच्या वीजवाहिनीवर) का येत नाही?

एकलहरे_कॉलनी

@निफाडची_बाग दादा, कच्छमधल्या खावड्याची वीज चारशे आणि सातशे पासष्ट केव्हीच्या वाहिन्यांवरून ज्याने करार केला त्या राज्याच्या वितरण कंपनीकडे जाते. आपल्या उपकेंद्रातला रोहित्र आणि फीडर वेगळा नसेल, तर ती आली तरी पाळी सुटणार नाही. तुमच्या कामाची आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, ज्यात उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या फीडरला देतात. त्यासाठी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. गावातली पडीक जमीन कोणाची आहे, ते पाहा.

@अंबड_फॅब्रिकेटर एक्झिम बँकेचा मुद्दा बरोबर आहे. कर्ज धरले तर माझे ‘किरकोळ’ टिकत नाही.

गोदाकाठ_नाशिक

सर्वांचे आभार. एकलहरेकर काका, शेवटचे एकच विचारतो. माझ्यासारख्याने दर तिमाहीला नेमके काय पाहावे?

एकलहरे_कॉलनी

भागविक्रीच्या माहितीपत्रकात सप्टेंबर २०२४ अखेर एनटीपीसी ग्रीनची चालू क्षमता ३,३२० मेगावॅट होती, आणि करार झालेली किंवा निविदेत मिळालेली क्षमता १३,५७६ मेगावॅट. दुसरा आकडा पहिल्यात किती वेगाने उतरतो, हे आधी पाहा. त्यातही निविदा मिळाली पण खरेदी करारावर सही झालेली नाही, अशी क्षमता वेगळी काढा. राज्यांसाठी निविदा काढणाऱ्या केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या अनेक निविदांना देशभर ग्राहक मिळालेले नाहीत. आयाना ही अपारंपरिक ऊर्जेची ४.१ गिगावॅटची कंपनी एनटीपीसी ग्रीनने ओएनजीसीबरोबर मिळून १९,५०० कोटींच्या मूल्यांकनाने घेतली, तसली खरेदी केलेली क्षमता आणि स्वतः उभारलेली क्षमता एकाच रकान्यात मोजू नका.

दुसरे म्हणजे संध्याकाळची वीज. २०२५ मध्ये राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने दुपारची सौर वीज ग्रिडवर घेता आली नाही, आणि सूर्य मावळल्यावर मागणी वाढते तेव्हा ती नसतेच. समूहातील टीएचडीसी या जलविद्युत कंपनीचा टिहरी येथील १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प याच कामाचा आहे. आपल्या घाटघरला २५० मेगावॅटवर हेच तत्त्व चालते, मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढायची. पुढच्या निकालात साठवणुकीचे किती काम प्रत्यक्ष सुरू झाले, हे सौरऊर्जेच्या आकड्याआधी वाचा.