मदत हवी आहे: अनंत विहिरीतला पॅराबोला, एच वर्गची सरासरी एका रीतीने ० आणि दुसऱ्या रीतीने ३०

नमस्कार मंडळी, क्वांटम मेकॅनिक्सच्या होमवर्कमधल्या एका प्रॉब्लेमवर अडकलेय. आयतं उत्तर नकोय, उत्तरं दोन-दोन आलीयेत आणि तीच अडचण आहे. नेमकी कुठली पायरी चालत नाही आणि का चालत नाही, हे मला समजून घ्यायचंय.

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे. एक्स ० आणि एक्स १ इथे अनंत उंचीच्या भिंती, मधे पोटेन्शियल शून्य (टाइप करायला सोपं जावं म्हणून एच-बार, वस्तुमान आणि विहिरीची रुंदी सगळं १ धरतेय). सुरुवातीचं वेव्ह फंक्शन साय म्हणजे ए गुणिले एक्स गुणिले (१ वजा एक्स), दोन्ही भिंतींवर शून्य होणारा साधा पॅराबोला. एनर्जीची सरासरी काढा आणि मग एनर्जीची अनसर्टन्टी काढा, एवढंच विचारलंय.

नॉर्मलाइज केल्यावर ए म्हणजे वर्गमूळ ३०. हॅमिल्टोनियन एच (एनर्जीचा ऑपरेटर) म्हणजे उणे अर्धा गुणिले दुसरा डेरिव्हेटिव्ह, तो सायला लावला की पॅराबोला जाऊन नुसता ए उरतो, सगळीकडे एकच किंमत. त्याला सायने गुणून इंटिग्रेट केलं की सरासरी ५. ग्राउंड स्टेटची (सगळ्यात कमी एनर्जीच्या अवस्थेची) एनर्जी पाय वर्ग भागिले २, म्हणजे साधारण ४.९३, त्यामुळे ५ हे उत्तर पटतं, पॅराबोला दिसायलाही साइनच्या पहिल्या कमानीसारखाच आहे.

आता अनसर्टन्टीसाठी एच वर्गची सरासरी हवी (त्यातून एनर्जीच्या सरासरीचा वर्ग वजा केला की व्हेरियन्स, त्याचं वर्गमूळ म्हणजे अनसर्टन्टी). एच एकदा लावला की कॉन्स्टंट मिळतो, त्याला परत एच लावला की कॉन्स्टंटचा डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणजे एच वर्गची सरासरी शून्य आणि व्हेरियन्स ० वजा २५ म्हणजे उणे २५!! व्हेरियन्स निगेटिव्ह येणं शक्यच नाही, म्हणून मग दुसऱ्या वाटेने गेले, सायला आयगनफंक्शन्समध्ये (ठरावीक एनर्जीच्या अवस्थांमध्ये, एन १, २, ३ असे त्यांचे क्रमांक) मोडलं. सम एनचे सगळे कोएफिशियंट शून्य येतात, विषम एनसाठी प्रोबॅबिलिटी ९६० भागिले (पाय गुणिले एन)चा सहावा घात. एन १ ला हे ०.९९८६ येतं, एन ३ ला जेमतेम ०.००१४. या प्रोबॅबिलिटीज वापरून बेरीज केली तर एनर्जीची सरासरी परत ५ येते, पण एच वर्गची सरासरी येते ३०! व्हेरियन्स ५, अनसर्टन्टी वर्गमूळ ५, म्हणजे २.२४ च्या आसपास.

दुसरं उत्तर बरोबर असणार हे दिसतंय, शिवाय एच सायचा स्वतःशीच इनर प्रॉडक्ट घेतला (वर्ग करून इंटिग्रेट केला) तरी ३० च येतो. पण एच हर्मिशियन आहे ना? मग एक एच डावीकडे ठेवला काय आणि दोन्ही उजवीकडे ठेवले काय, फरक पडायला नको. "दुसरी पद्धत वापर आणि सोडून दे" असा सल्ला मिळालाय, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, कारण पुढच्या प्रॉब्लेममध्ये उत्तर निगेटिव्ह न येता नुसतंच चुकीचं आलं तर कळणार कसं?

दुसरी छोटी शंका, ९९.८६ टक्के ग्राउंड स्टेट असताना अनसर्टन्टी २.२४ एवढी मोठी कशी?

प्रतिसाद:

प्रश्न छान मांडलाय. हर्मिशियन असणं हा नुसत्या डेरिव्हेटिव्हच्या फॉर्म्युल्याचा गुण नाही, तो फॉर्म्युला कुठल्या फंक्शन्सना लावायचा हेही त्यात येतं. या विहिरीत एच फक्त भिंतींवर शून्य होणाऱ्या फंक्शन्सनाच लावता येतो, त्यालाच एचचं डोमेन म्हणतात. साय त्यात बसतो. एच साय मात्र कॉन्स्टंट आहे, भिंतीपाशीसुद्धा वर्गमूळ ३०, म्हणजे तो डोमेनच्या बाहेर गेला आणि त्याला परत एच लावायची सोय राहिली नाही.

एच डावीकडून उजवीकडे नेताना आपण दोनदा बाय पार्ट्स इंटिग्रेट करतो, त्यात भिंतींवरच्या किमतींच्या ज्या बाउंडरी टर्म्स येतात त्या कागदावर लिहून बघा. सायचा स्लोप डाव्या भिंतीशी अधिक वर्गमूळ ३० आणि उजव्या भिंतीशी उणे वर्गमूळ ३०, फरक उणे २ वर्गमूळ ३०. त्याला तुमच्या कॉन्स्टंटने म्हणजे वर्गमूळ ३० ने गुणा आणि निम्मं करा, उणे ३०. तुमच्या दोन उत्तरांतली तफावत हीच, पै न पै भिंतीवर सापडते. तेव्हा सवय अशी लावून घ्या की एच दुसऱ्यांदा लावायच्या आधी पहिल्यांदा लावून जे मिळालं ते भिंतींवर शून्य होतंय का ते बघायचं. होत नसेल तर एक एच डावीकडे ठेवायचा, उत्तर निगेटिव्ह येवो न येवो.

छोट्या शंकेचं: एन ३ ची एनर्जी ४४.४ आहे, सरासरीपासून जवळजवळ ४० दूर. प्रोबॅबिलिटी चिमूटभर असली तरी अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे व्हेरियन्सच्या ५ पैकी २ च्या वर एकट्या एन ३ कडून येतात, बाकीचे त्याच्या वरच्यांकडून.

जमल्यास एच घन करून बघा.

धागाकर्ती:

खूप खूप आभार, बाउंडरी टर्म स्वतः लिहून काढली आणि उणे ३० आलं!! उत्तरात आता भिंतीवरच्या अटीची ओळ आधी लिहितेय आणि मग एक एच डावीकडे ठेवून ३०.

एच घनपण केलं. प्रोबॅबिलिटीतला एनचा सहावा घात खाली आणि एनर्जीच्या घनातला वर, दोन्ही कटतात आणि प्रत्येक विषम एनकडून बरोबर १२० येतात, एन १ कडून १२०, एन ३ कडून १२०, एन १०१ कडूनही १२०, म्हणजे बेरीज अनंत. आणि सरळ डेरिव्हेटिव्ह घेत गेलं तर तिथेही शून्यच आलं असतं.