मदत हवी आहे : नवी १३० मिमी दुर्बीण, अंगणात मांडण्याआधी काय काय करून ठेवू?

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी. १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल लेंथची (आरशापासून प्रतिमा जमते तिथवरच्या अंतराची) न्यूटोनियन, म्हणजे आरशांची, दुर्बीण इक्वेटोरियल माउंटसह (ध्रुवाकडे रोखायच्या अक्षाभोवती फिरणाऱ्या बैठकीसह) आली आहे. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), २एक्स बार्लो (चित्र आणखी दुप्पट मोठं करणारं भिंग) आणि लाल ठिपक्याचा फाइंडर (नेम धरायचं साधन) आहे. जोडणी झाली, पण दोन्ही अक्षांचे क्लच सैल केले की नळी धाडकन एका बाजूला कलंडते. फाइंडरचा ठिपका एकीकडे आणि आयपीसमध्ये दिसतं भलतंच. खोलीतून खिडकीबाहेर बघितलं तर चित्र उलटं आणि धूसर आहे. आरसा हलला असेल का? कोलिमेशनपासून (आरसे एकमेकांशी जुळवण्यापासून) सुरुवात करू का? परवा शुक्ल अष्टमी आहे, तेव्हा पहिल्यांदा बाहेर काढायचा विचार आहे.

प्रतिसाद १ :
आरशाच्या स्क्रूंना आत्ता अजिबात हात लावू नका. न्यूटोनियनमध्ये चित्र उलटं दिसणारच, तो दोष नाही. धूसरपणा खिडकीमुळे आहे. साध्या डोळ्यांना सपाट वाटणारी काच २५ मिमीच्या आयपीसने २६ पट (६५० भागिले २५) मोठं करून बघताना लाटालाटांची निघते. खिडकी उघडली तरी आतली आणि बाहेरची हवा तिथेच मिसळते, त्यामुळे चित्र थरथरतं. दुर्बीण बाहेर नेल्याशिवाय तिची परीक्षा करू नका.

नळी कलंडते म्हणजे तोल साधलेला नाही. टोप्या काढा, २५ मिमीचा आयपीस आणि फाइंडर लावा, कारण रात्री वजन तेवढंच असणार आहे. डेकचा (नळी ज्यावर बसते त्या अक्षाचा) क्लच घट्ट आणि आरएचा (ध्रुवाकडे रोखायच्या मुख्य अक्षाचा) सैल करून काउंटरवेटचा (तोलाच्या वजनाचा) दांडा आडवा धरा. वजन मागेपुढे सरकवत राहा, हात सोडल्यावर दांडा जागचा हलला नाही की झालं. मग त्याच आडव्या स्थितीत आरए घट्ट करा, डेक सैल करा आणि नळी धरणाऱ्या कड्या थोड्या ढिल्या करून नळी पुढेमागे सरकवा. ढिल्या कड्यांत नळी निसटू शकते, म्हणून एक हात कायम नळीखाली ठेवा.

एक क्रम कधी मोडू नका: जोडताना आधी काउंटरवेट, मग नळी, सोडवताना आधी नळी, मग काउंटरवेट. उलट केलंत तर सगळा भार एका बाजूला जाऊन ट्रायपॉड आडवा होतो. दांड्याच्या टोकाचा छोटा स्क्रूही विसरू नका. वजन घसरलं तर पायावर पडण्याआधी तोच अडवतो.

प्रतिसाद २ :
फाइंडरचं काम दिवसाउजेडी उरका, अंधारात पहिल्यांदा करायला गेलात तर तास मोडतो. निदान अर्धा किलोमीटर लांबचं काहीतरी निवडा: टॉवरचं टोक, पाण्याच्या टाकीची कड. २५ मिमीचा आयपीस लावून ते बरोबर मध्यभागी आणा, क्लच घट्ट करा आणि आता नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून ठिपका त्याच टोकावर बसवा. मग १० मिमीने पुन्हा तपासा. जवळची वस्तू का नको? फाइंडर आणि नळी यांच्यात साधारण १५ सेंमी अंतर असतं. ३० मीटरवरच्या वस्तूवर जुळवलंत तर आकाशात सुमारे ०.३ अंशाची चूक राहते, म्हणजे चंद्राच्या निम्म्या रुंदीहून जास्त. ठिपका उमटतच नसेल तर बॅटरीखालची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली का ते बघा.

हे करताना सूर्य नळीच्या आसपासही येऊ देऊ नका. नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा सौर फिल्टर नसेल तर सूर्याकडे वळवायचीच नाही. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर सोबत आला असेल तर तो फेकून द्या. सगळी उष्णता तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा क्षणात जातो.

धागाकर्ता :
तोल आणि फाइंडर दोन्ही जमलं, मनापासून आभार. आता ध्रुवाकडे रोख किती काटेकोर हवा? आणि सुरुवात १० मिमी अधिक बार्लोने करावी का?

प्रतिसाद १ :
नुसतं बघायचं असेल तर ढोबळ पुरतं. माउंटचा उंचीचा काटा तुमच्या अक्षांशावर आणा आणि आरए अक्ष उत्तरेला करा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाहून कमी अंतरावर आहे, तेव्हा अक्ष त्याच्याकडे रोखला की पुष्कळ झालं. होकायंत्र वापरलंत तर काउंटरवेटपासून लांब धरा, लोखंडाने सुई फिरते. उंची बदलताना समोरासमोरच्या दोन बोल्टांपैकी एक ढिला करूनच दुसरा आवळा, आणि भार हाताने उचलून धरा. बोल्टच्या जोरावर सगळं वर ढकललं तर तो वाकतो.

प्रतिसाद ३ :
बार्लो पहिल्या रात्री डब्यातच राहू द्या. २५ मिमीने २६ पट, १० मिमीने ६५ पट. २५ मिमीला बार्लो लावून ५२ पट मिळतं, म्हणजे १० मिमीपेक्षा कमीच. १० मिमीला लावलं तर १३० पट, पण तिथे हवेची थरथर, ट्रायपॉडचं हलणं आणि फोकसची चूकही तितकीच वाढते. शोधायचं नेहमी २५ मिमीने, मग आयपीस बदलायचा.

अष्टमी उत्तम निवडलीत. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. तिथेच १० मिमी लावून रेंगाळा. अंधारातल्या भागात एखादा सुटा उजळ ठिपका दिसेल, ते ऊन पोचलेलं शिखर असतं. गुरू वर असेल तर २६ पटीतही त्याचे चार चंद्र एका रेषेत दिसतात. सप्तर्षी उगवले असतील तर वसिष्ठ बघा. अरुंधती डोळ्यांनाही वेगळी दिसते, पण ६५ पटीत खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे होतात, साधारण १४ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतरावर.

दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. आरसा हवेइतका गार होईपर्यंत नळीत गरम हवा घुटमळते. तापलेल्या फरशीपेक्षा माती किंवा गवत बरं.

धागाकर्ता :
आज एका ताऱ्यावर रोखून बघितली. मध्ये काळा गोल असलेलं कडं दिसतं. काही तुटलं आहे का?

प्रतिसाद १ :
काही तुटलेलं नाही, फोकस झालेला नाही. तो काळा गोल दुय्यम आरशाची, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या आरशाची, सावली आहे. फोकसरची (आयपीस आतबाहेर सरकवणाऱ्या भागाची) चकती हळू फिरवा. कडं लहान होत जाईल तीच दिशा बरोबर, शेवटी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उरतो. कोलिमेशनही याच कड्यावरून तपासता येतं. तारा दृश्याच्या मधोमध ठेवून फोकस किंचित बिघडवा. काळा गोल कड्याच्या मध्यावर असेल तर आरसे जुळलेले आहेत. स्पष्टपणे एका बाजूला सरकलेला असेल तरच स्क्रूंकडे वळा, आणि तेही एका वेळी पाव फेऱ्याहून कमी.

प्रतिसाद २ :
आवरताना एवढं बघा: आयपीसवर दव धरलं तर पुसू नका, धुळीने चरे पडतात. टोप्या न लावता खोलीत ठेवा, पूर्ण कोरडं झाल्यावरच झाका. ओलं असताना झाकलं तर बुरशी धरते.