काम झालेल्या यानाचं मंग काय करतेत?

जागलीवाला:
हरभऱ्यात जागलीले बसलो होतो, डुकरं काही आली नाही म्हणून मोबाइल पाहत होतो तर वाचलं का चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरले चंद्रापर्यंत नेणारं प्रोपल्शन मॉड्यूल इस्रोनं वापस पृथ्वीकडं आणलं. विक्रम तर उतरला ना बाप्पा, मंग याले आणाचं काऊन? अन बाकीचे यानं काय तसेच सोडून देतेत का?

निवांत_मास्तर:
भाऊ, तेल उरलं होतं म्हणून आणलं. विक्रमला सोडल्यावर त्याचं मुख्य काम संपलंच होतं, पण रॉकेटनं नेमकं नेऊन सोडलं अन पुढंही काटकसर झाली, त्यामुळं महिनाभर चंद्राभोवती फिरूनही टाकीत १०० किलोच्या वर इंधन शिल्लक. पुढं चंद्रावरची माती आणायची आहे, तर परतीचा रस्ता याच मॉड्यूलनं पाहून घेऊ म्हटले. १३ ऑक्टोबर २०२३ ला इंजिन पेटवून कक्षा बदलली, तेही असं की ना चंद्रावर आपटावं ना ३६,००० किलोमीटरवरच्या सॅटेलाइटांच्या पट्ट्यात घुसावं. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरणारा भाग पाहा, एका वर्षासाठी होता, इंधन वाचलं म्हणून सातेक वर्षांचं आयुष्य मिळालं.

फवारणी_स्पेशल:
नुसतं तेल असून भागत नाही मास्तर. आयएसईई-३ (ISEE-3) नावाचं नासाचं यान १९७८ मध्ये सूर्याकडून येणारे कण मोजाले पाठवलं, मंग त्यालेच वळवून १९८५ मध्ये धूमकेतूच्या शेपटीतून काढलं, पहिल्यांदाच असं झालं. २०१४ मध्ये हौशी लोकायनं वर्गणी करून, नासाची परवानगी घेऊन त्याच्याशी पुन्हा बोलणं सुरू केलं, ३६ वर्षांचं यान! छोटे इंजिन एकदा चाललेही. पण मोठा धक्का द्याच्या टायमाले बंद, कारण तेल ढकलाले लागते तो नायट्रोजनच संपला होता. पाठीवरच्या पंपात औषध भरेल अन हवाच धरत नाही, तसं.

जागलीवाला:
हाव, पंपाचं समजलं 😄 पण एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं लाडबोरीत ते धातूचं मोठं कडं पडलं होतं, तसं तर नाही ना होत या यानायचं?

निवांत_मास्तर:
ते यान नव्हतं, रॉकेटचा तुकडा होता. दूरच्या यानाचा शेवट ठरवून करतात, शनीजवळच्या कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ ला ते शनीतच घातलं, नाहीतर शनीच्या एन्सेलॅडस चंद्रावर पडून तिथं आपले जंतू जायचा धोका होता.