शशिकलाताई ‘भाऊंची कन्या’ म्हणून यादीबाहेर?

डिचोलीची बाई
आमच्या महिला मंडळाने ८ मार्चसाठी ‘प्रेरणादायी स्त्रिया’ असा फलक करायला घेतला होता. पाच नावं सुचवायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिलंच नाव लिहिलं शशिकला काकोडकर, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. दोघी तरुण सदस्यांनी ते खोडायला लावलं. त्यांचं म्हणणं, “बाई, त्या भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी म्हणून मुख्यमंत्री झाल्या. त्यात त्यांचं काय?” शेवटी फलकावर बेंगळुरूच्या किरण मजुमदार-शॉ आल्या, लिज्जत पापड सुरू करणाऱ्या सात बायका आल्या, आणि गोव्यातली एकही आली नाही. किरणबाईंबद्दल माझी तक्रार नाही. १९७८ साली दहा हजार रुपयांवर गॅरेजमध्ये बायोकॉन कंपनी उभी करणं सोपं नव्हतं. पण स्वतःच्या अंगणातली बाई आपल्याला दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

भाऊ, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर, ऑगस्ट १९७३ मध्ये अचानक गेले आणि ताई मुख्यमंत्री झाल्या, हे खरंच आहे. दार वडिलांमुळे उघडलं. पण आत गेल्यावर काय केलं ते बघा ना. १९७५ चा मुंडकार कायदा त्यांच्या काळातला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणाऱ्या माणसाला ‘ऊठ आणि चालू पड’ म्हणायची सोय त्या कायद्याने बंद केली. पुढच्याच वर्षी कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं गेलं. माझं माहेर मुंडकाराचं. भाटकाराचा मुकादम आला की माझी आजी उंबऱ्याच्या आत जायची आणि तो जाईपर्यंत बाहेर यायची नाही. ती आजी नंतर त्याच उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची. मला ‘प्रेरणा’ म्हटलं की तो उंबरा आठवतो.

१९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली लढवली आणि पुन्हा सरकार बनवलं. तेव्हा भाऊ जाऊन चार वर्षं होत आली होती. मतं काय फक्त फोटोला पडली? शेजारच्या एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. आपल्याकडे १९७३ मध्ये झाली. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणी लिहा.

साखळीचा पोरगा
बाई, मी तुमच्याच शाळेत शिकलोय, म्हणून आदर ठेवूनच विरोध करतो. मुंडकार कायद्याबद्दल वाद नाही. पण प्रेरणा म्हणजे जी वाट बघून दुसरी बाई म्हणेल, ‘ही वाट मलाही चालता येईल.’ खाणमालक आणि मुख्यमंत्री वडील ज्यांना नाहीत, त्या मुलीने ताईंकडे बघून काय करायचं?

आणि ही गोष्ट १९७३ मध्ये संपली असती तर मीही गप्प बसलो असतो. २०२२ च्या विधानसभेत चाळीस आमदारांमध्ये तीन महिला निवडून आल्या. ताळगावच्या जेनिफर मोन्सेरात, शिवोलीच्या डिलायला लोबो, पर्येच्या दिव्या राणे. तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार झाले. पर्येची जागा तर त्याआधी कितीतरी वर्षं सासऱ्यांकडे होती. त्या तिघी कामं करत नाहीत असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न उरलेल्या घरांतल्या बायकांचा आहे. ज्या घरात आधी आमदार नाही, त्या घरातल्या बाईला तिकीट मिळतं का? ताईंच्या नंतर गोव्याला दुसरी महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. वाट खरोखर तयार झाली असती तर तिच्यावरून कुणीतरी चाललं असतं.

फोंड्याचा श्रोता
तुम्ही दोघंही राजकारणातच अडकलात. वडील नाही, नवरा नाही, स्वतःच्या गळ्यावर उभी राहिलेली गोमंतकीय बाई हवी असेल तर आमच्या फोंडा-सांग्याकडे या. गायिका केसरबाई केरकर फोंड्यातल्या केरीच्या. गायिका मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. दोघी देवळांच्या सेवेत गाणं-नाच करणाऱ्या कलावंत समाजातल्या. त्या काळात या समाजातल्या मुलीला गाणं यायचं ते दुसऱ्याच्या मेहफिलीसाठी, नाव मात्र तिचं नसायचं. मोगूबाईंची आई लहानपणीच गेली, मुलगी नाटक मंडळीत वाढली, पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकली. ऐन उमेदीत नवरा गेला. तीन मुलं शिकवण्या आणि मैफली करून वाढवली, त्यातली एक किशोरी आमोणकर. याला तुम्ही संसार म्हणाल, मी याला व्यवसाय सांभाळणं म्हणतो. बिदागी ठरवायची, प्रवास ठरवायचा, आपल्या विद्येची किंमत कमी होऊ द्यायची नाही, हे सगळं त्या बायकांनी स्वतः केलं. केसरबाईंना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं, मोगूबाईंना १९७४ मध्ये.

१९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर पृथ्वीचे आवाज पाठवले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. मोगूबाईंचं कुर्डी तर साळावली धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की जुने गावकरी तिथे जमतात. मी दोनदा गेलोय. चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवर जोती तेवढी दिसतात. फलकावर ही नावं नसतील तर तो फलक गोव्याचा कसा?

पेडण्याची माजी पंच
लिबिया लोबो सरदेसाई विसरू नका. १९५५ पासून सीमेवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, आणि १९६१ मध्ये मुक्तीची बातमी विमानातून लाउडस्पीकरवर गोव्याला सांगितली. पुढे पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक त्याच. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वयाची शंभरी झाली होती. बाकीचं संध्याकाळी लिहिते, आता कामावर आहे.

म्हापशाच्या बाजारातली
मी सगळं वाचलं. कुणालाच बाजार आठवला नाही.

माझी आई पस्तीस वर्षं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसते. हिवाळ्यात वायंगणातली तांबडी भाजी, मुळा, अळसांदे. एप्रिल-मे आला की पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचा माल: सोलां, मिरसांगो (मिरच्या), चिंच, सुकी मासळी. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान. पहाटे चारला उठून पहिल्या बसला पाट्या चढवायच्या. कंडक्टरला पाटीचे वेगळे पैसे, बाजारात पोचल्यावर सोपो, म्हणजे बसायची फी, वेगळा. सोपो गोळा करणारा पावती देतो की नाही, पाटी मोजून घेतो की अंदाजाने, यावरून तिने कितीदा भांडण काढलंय. पावसाआधी किती मिरच्या धरून ठेवायच्या आणि कुठल्या आठवड्यात काढायच्या हे तिला कुणी शिकवलं नाही. उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, सगळं डोक्यात. तिच्या पैशांतून चिऱ्याचं घर झालं, मी बी.कॉम. झाले.

तिने वजनकाटा आणि फ्रीजसाठी कर्ज मागितलं तेव्हा एका बँकेत दुकानाचा परवाना आणि तीन वर्षांचं रिटर्न मागितलं. दुकान कुठलं? ती फरशीवर बसते. साहेब तिला म्हणाले, “तुमचा धंदा आहे याचा पुरावा काय?” मी शेजारी उभी होते. आईने हात पुढे केले नाहीत, काही बोलली नाही, पिशवी उचलली आणि निघाली. माझ्यासाठी यशस्वी उद्योजिका तीच आहे, कुणी फलकावर घालो न घालो.

साखळीचा पोरगा
ताई, तुमच्या आईला नमस्कार. पण एक बोलतो, राग मानू नका. कष्टाला ‘प्रेरणादायी’ म्हटलं की ज्यांनी ते कष्ट कमी करायचे ते सुटतात. तिला छप्पर पाहिजे, स्वच्छतागृह पाहिजे, मोजून घेतलेला सोपो आणि पावती पाहिजे. पस्तीस वर्षं फरशीवर बसायला लागलं, हे आपलं सगळ्यांचं अपयश आहे. त्याच्यावर हार घालून फलक लावायला मला लाज वाटेल.

म्हापशाच्या बाजारातली
भाऊ, पावती तर पाहिजेच. त्यासाठी मी नगरपालिकेत तीन अर्ज दिलेत. पण तुम्ही तिला फक्त बिचारी करून टाकता. तिला बाजारभाव कळतो, तोही तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. तिचे कष्ट बघायचे आणि अक्कल सोडून द्यायची, हे मला चालणार नाही.

फोंड्याचा वकील
बाई, एक बाजू राहतेय. गोव्यातली बाई कायद्याने देशातल्या कितीतरी बायकांपेक्षा आधीपासून मजबूत आहे. पोर्तुगिजांची १८६७ ची नागरी संहिता इथे चालत आली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा असतो. बायकोची सही असल्याशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही, मग तो खाणमालक असो की रापण ओढणारा मच्छीमार. मुलगा-मुलगी वारसाहक्कात समान. मृत्युपत्राने आईवडिलांना अर्ध्याच मालमत्तेची मनाप्रमाणे वाट लावता येते, उरलेला अर्धा मुलांचाच. २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा २०१६ मध्ये लागू झाला, त्यातही हे सूत्र टिकलं.

एवढं असून बायका धंद्यात का दिसत नाहीत? दोन कारणं माझ्या टेबलावर रोज येतात. एक, जुन्या संहितेने मालकी दोघांना दिली पण कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला, आणि घरांनी तोच भाग मनापासून पाळला. दुसरं जास्त दुखणारं. वडील वारले की बहिणी नोटरीपुढे येतात आणि वाटणीतला हक्क सोडल्याच्या दस्तावर सही करतात. “भावाशी वाकडं नको,” एवढंच बोलतात. मी प्रत्येकीला दस्त मराठीत वाचून दाखवतो, पुन्हा विचारतो. गेल्या वर्षी एकच उठून गेली. जमीन हातात असती तर तारण ठेवून धंदा उभा राहिला असता. आणि सहीची अट उलटीही लागू होते बरं. बाईला घर तारण ठेवायचं असेल तर त्याची सही लागते, आणि तो अडून बसला की तिचं कर्ज अडतं.

म्हणून साखळीच्या मित्राला विचारतो, वारसा म्हटलं की नाक का मुरडता? मुलाने बापाची गादी चालवली तर त्याला आपण घराणं म्हणतो. मुलीने चालवली की तिचं स्वतःचं काहीच नाही असं ठरवतो.

साखळीचा पोरगा
वकीलसाहेब, मुलाने चालवली तरी मला ते आवडत नाही. पण तुमचा मुद्दा डोक्यात ठेवतो. माझ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी अशीच सही केली. आम्ही कुणी तिला विचारलं नव्हतं.

पेडण्याची माजी पंच
संध्याकाळी लिहिते म्हटलं होतं.

आमच्या प्रभागात आधी माझा नवरा पंच होता. प्रभाग महिला राखीव झाला, म्हणून मला उभी केली. साखळीचे भाऊ ज्या बाईबद्दल बोलतात ती मीच. पहिले सहा महिने बैठकीत तो माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसायचा. सचिव कागद त्याच्यापुढे ठेवायचे. सही मात्र माझी.

मग एका मोठ्या बांधकामाची फाइल आली. सगळे म्हणाले परवाना देऊन टाकूया. मी म्हटलं, वाचून बघते. हसले. नवरापण हसला. मी बारावी शिकलेय, पण फाइल वाचायला बारावी पुरते. त्यात नगरनियोजन खात्याचा तांत्रिक दाखला नव्हता आणि नकाशातला रस्ता आमच्या गावच्या शेतातून जात होता. मी विरोधाची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावली. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. ग्रामसभेला मी तोच नकाशा लोकांसमोर धरला. त्या दिवसापासून नवरा बैठकीला आला नाही. मीच त्याला म्हटलं, तुम्ही घरी थांबा.

नंतर सरपंच झाले, आणि चौदा महिन्यांत अविश्वास ठराव आणून मला काढलं. सात पंचांपैकी चार. मला त्याचं दुःख आहे अजून, खोटं कशाला बोलू. पण तो रस्ता शेतातून गेला नाही.

शशिकलाताईंना मी लहानपणी एकदा पेडण्याच्या सभेत पाहिलंय. साधी साडी, डोक्यावर पदर, आणि स्टेजवर सगळे पुरुष उभे असताना त्या बसून कागद वाचत होत्या. काय बोलल्या ते आठवत नाही. कागद वाचत होत्या ते आठवतं. पहिली फाइल घरी आणली त्या रात्री मला तेच आठवलं होतं. एवढंच मला सांगायचं होतं.

साखळीचा पोरगा
ताई, तुमच्यापुढे माझा ‘वाट’वाला मुद्दा थोडा लंगडा पडला, मान्य. तरी एक विचारू? पुढच्या वेळी प्रभाग खुला झाला असेल. तेव्हा कोण उभं राहिलं? कारण माझं खरं भांडण तिथे आहे. आरक्षण उठलं की बायको परत स्वयंपाकघरात आणि नवरा परत खुर्चीत, हे मी आमच्याकडे तीनदा पाहिलंय. विधानसभेला एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली खरी, पण ती लागू व्हायची ती जनगणना आणि फेररचनेनंतर. तेव्हाही हेच होणार असेल तर?

डिचोलीची बाई
मी फलक उतरवलाय. छापलेली पाच नावं तशीच राहू देत, खाली आणखी एक पट्टी जोडतेय. शशिकलाताई, केसरबाई, मोगूबाई, लिबियाबाई. म्हापशाच्या ताईंनी परवानगी दिली तर त्यांच्या आईचा बाजारातला फोटो, शेजारी सोपोच्या पावतीसाठी दिलेल्या तीन अर्जांच्या प्रती. साखळीच्या बाबू, अर्ज चिकटवायला तूच यायचंस. पंचताई, आमच्या मंडळात येऊन ती फाइल कशी वाचली तेवढं सांगाल का? भाषण नको.

म्हापशाच्या बाजारातली
आईला विचारलं. शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी म्हणते.

पेडण्याची माजी पंच
येईन बाई. भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: प्रभाग खुला झाला, नवऱ्याने अर्ज भरला नाही. मी भरला. एकतीस मतांनी पडले. पुढच्या वेळी परत भरणार आहे.