विषय: शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाला की शेवटच्या?

नमस्कार मंडळी,

यंदाच्या शिष्यवृत्ती निधीचं काय करायचं हे कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठरेल. नेहमीप्रमाणे हायस्कूल संपवलेल्या गुणवंतांना द्यायचा, की कॉलेजात असलेल्या गरजू मुलांना, असे दोन प्रस्ताव आलेत. मतं कळवा.
– खजिनदार

---

काका, नमस्कार.

मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, सल्लागार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पैसे पदवीच्या तोंडाशी आलेल्या मुलांना द्यावेत, असा माझा आग्रह आहे. प्रवेश मिळाला की सगळे कौतुक करतात. सातव्या सेमिस्टरला जो गुपचूप नाव काढून घेतो, त्याची चौकशी कोणी करत नाही.

इथे अमेरिकेत अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये, म्हणजे विषयागणिक मिळणाऱ्या एककांत, मोजतात. सरकारी मदतीच्या हिशेबात सेमिस्टरला १२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० लागतात. दर सेमिस्टरला बारा घेतली तर चार वर्षांत होतात ९६. नोकरी करून शिकणाऱ्याला पंधरा झेपत नाहीत. त्यात कॉलेज बदललं की काही क्रेडिट धरलीच जात नाहीत, एखादा विषय राहतो. पेल ग्रँट, म्हणजे गरजू मुलांना मिळणारी, परत न करावी लागणारी सरकारी मदत, मात्र उभ्या आयुष्यात १२ पूर्णवेळ सेमिस्टरइतकीच. ती संपते, फीची थोडी बाकी राहते आणि तेवढ्यावरून पुढची नोंदणी अडते. जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०११ पासून अशी बाकी भरायला छोटी अनुदानं देतं. मुलांच्या अर्जाची वाट न पाहता विद्यापीठच यादी काढतं.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांतल्या मुलांसाठी 'असॅप' ही योजना सुरू केली. फीची तूट, पुस्तकं, प्रवासाचा पास, आणि मोजकीच मुलं सांभाळणारा सल्लागार. सोडत काढून दोन गट केले आणि तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत या योजनेतल्या सुमारे ४० टक्के मुलांनी तिथली दोन वर्षांची पदवी घेतली, बाहेरच्यांपैकी २२ टक्क्यांनी. मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो सल्लागार. मागे एक मुलगी नाव काढण्याचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. एक लॅब राहिली होती, ती दुपारी, आणि हिची कामाची पाळीही तेव्हाच. तीच लॅब दुसऱ्या कॅम्पसला संध्याकाळी होती. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं! फॉर्म तिनं माझ्यासमोर फाडला.

आपल्यातले निवृत्त लोक आठवड्याला एक तास देऊ शकले, तर पैशाइतकंच ते काम होईल.

---

ताई, पटलं. चेक मुलांच्या हाती द्यायचा की कॉलेजला?
– खजिनदार

---

काका, आधी त्या कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला विचारा. बाहेरची शिष्यवृत्ती आली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात. मग मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. तसं करणार नाही, हे लेखी घ्या आणि पैसे थेट त्याच्या फीच्या खात्यात भरा.

वार्षिक कार्यक्रमात मंचावर चेक देण्याची पद्धत मात्र सोडावी लागेल. नोंदणीची मुदत संपायच्या आत पैसे पोचले पाहिजेत, आणि या मुलांना फोटोत उभं राहायला संकोच वाटतो.

माझ्या कॉलेजचं कोणी यादीत आलं, तर त्या निवडीत मी बसणार नाही. तशी नोंद इतिवृत्तात करावी.