पुडिंग, खरवस, चीक... कुणाचं जमलं, कुणाचं फसलं?

काल माझं मँगो पुडिंग पाहुण्यांसमोर ताटलीत उलटं केलं आणि ते चालायला लागलं, म्हणून हा धागा. भुसावळ, मे महिना, पारा ४४ च्या वर आणि मी हौसेने जिलेटिन आणलेलं. सकाळपासून फ्रीजमध्ये मस्त थरथरत होतं, मग दुपारी दोन तास लाईट गेली. नणंदेच्या सासरची माणसं बसलेली, मी साचा उचलला तर आधी "अरे वा" आणि लगेच सगळ्यांनी चमचे ठेवून वाट्या मागितल्या. सासरे म्हणाले, "आमरसच आहे ना, मग पोळ्या वाढा." जेवण झकास झालं तसं. तर आपल्या खान्देशातल्या घरच्या गोडाधोडाचे अनुभव येऊद्यात, फजिती आधी, रेसिपी नंतर.

धरणगावकर:
जिलेटिन आपल्याकडे मार्च ते जून विसरायचं. ते अंगाच्या उष्णतेला विरघळतं आणि आपलं स्वयंपाकघर त्याहून गरम असतं, त्याची काय चूक. चायना ग्रास घ्या, लिटरभर दुधाला १० ग्रॅम, आधी भिजवून मग पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं. एकदा बसलं की ओट्यावर राहिलं तरी वितळत नाही. फक्त दूध पण गरमच पाहिजे, मी एकदा फ्रीजमधल्या दुधात ओतलं तर शेवया पडल्या आणि बायकोने त्याला खीर म्हणून वाढलं. आणि ताई, जिलेटिन हाडा-कातड्यापासून करतात, चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून. सासरे माळकरी असतील तर कालचं काही बोलू नका.

पुण्याची सून, अमळनेरचं सासर:
माझं ऐका. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, सासूबाई वाड्यात कुरडयांच्या तयारीत आणि मी घरात एकटी. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी स्टीलचा डबा दिला आणि म्हणाल्या, चीक आहे गं, मुलांना करून दे. आता पुण्याला माझ्या माहेरी चीक म्हणजे गाय व्यायल्यावरचं पहिलं दूध, त्याचा खरवस. डब्यात पांढरं दाट दिसलं, मला जराही शंका आली नाही. त्यात तेवढंच साधं दूध, गूळ, वेलची, जायफळ, सगळं नीट ढवळून कुकरला शिट्टी काढून वीस मिनिटं वाफवायला ठेवलं. उघडलं तर वर पातळ गोड दूध आणि खाली बोटभर जाड रबराची चकती, सुरी घातली तर सुरी वर उडाली. तो गव्हाचा चीक होता! तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला, वाटून गाळून रात्रभर निवळत ठेवलेला, त्या बाईंची एवढी मेहनत. गव्हाचं सत्त्व जड, न हलवता ठेवलं की तळाला बसतं आणि तिथेच शिजतं, हे मला तेव्हा कोण सांगणार. सासूबाई आल्या, चकतीवर बोट दाबून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मग उरलेला चीक घेतला, पाण्याला उकळी आणली, मीठ टाकलं आणि एका हाताने धार सोडत दुसऱ्या हाताने चाटू असा फिरवला की दहा मिनिटांत पांढऱ्याचं काचेसारखं झालं. वाटीत गरम गरम, वर दूध-साखर. त्या वाटीपुढे कुठलंही पुडिंग ठेवा, मी तीच वाटी उचलेन. चकतीचं म्हणाल तर ती गाईने पण नाही खाल्ली.

निवृत्त मास्तर, चोपडा:
वरच्या ताईंना सांगतो, तुमचा गव्हाचा चीक आणि डब्यातलं कस्टर्ड भाऊबंदच. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठाचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. पिठूळ सत्त्व पाण्यात फुगवून घट्ट करायचं, दुसरं काय आहे त्यात. आमच्या आईला पहिल्यांदा कस्टर्ड खाऊ घातलं तर म्हणाली, चीकच आहे, हळद जास्त झाली.

रावेरचा केळीवाला:
भाव पडले की आमच्या घरी सगळं केळ्याचंच होतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जी. आय. (भौगोलिक मानांकन) मिळालं पण कस्टर्डमध्ये ती पण काळीच पडते भाऊ. रात्री चिरून टाकली, सकाळी पाहिलं तर गटाराचा रंग. आता कस्टर्ड गार करून ठेवतो आणि केळी ताटावर बसल्यावर चिरतो. खरं सांगू का, शिकरण यापेक्षा बरं, ना गॅस ना फ्रीज.

गच्चीवरचा आचारी, धुळे:
आमच्या घरात अंडं चालत नाही म्हणून कॅरामल पुडिंग गच्चीवर शेगडी मांडून केलं. घाईत शिट्टी काढायची राहिली, तीन शिट्ट्या झाल्या. आतून सगळी जाळी पडलेली आणि पाणी सुटलेलं, गोड ऑम्लेट म्हणा. दुसऱ्यांदा बारीक आचेवर, पातेल्यावर कापड बांधून, खाली पाणी नुसतं हललं पाहिजे, खदखदलं की गेलं. तेव्हा जमलं, पण वासाने आई वर आली. त्यावर वेगळा धागा होईल.

शिरपूरची माहेरवाशीण:
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली, नैवेद्याला खीर, आणि मी उकळत्या दुधात गूळ टाकला. सेकंदात फाटलं. गॅस बंद करून, जरा निवल्यावर टाकायचा असतो, माहीत असून चुकले. रडकुंडीला आले तर आजी म्हणाली, "पितरेसले काय कयस? गोड शे ना, मंग ठेव." ठेवली. कावळा आला पण पटकन, आमच्यापेक्षा कमी नखरे.

धागाकर्ती:
आज धरणगावकरांचं ऐकून चायना ग्रासचं केलं. असं बसलंय की सुरीने वड्या पाडल्या, लाईट जाऊन पण ढिम्म. सासऱ्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी घेतली नाही. म्हणाले, कालचंच कर ना उद्या, ते पोळीशी फार छान लागत होतं. माळ गळ्यात आहे हो त्यांच्या. उरलेलं जिलेटिनचं पाकीट मी तिखटाच्या बरणीमागे ठेवलंय, आता उद्या काय करू सांगा कुणीतरी.